पाटकऱ्याचा जबाब

हरळवाडीच्या शिवारात कालव्याला चार चाऱ्या फुटतात, आणि त्या चार चाऱ्यांवर मिळून एकोणीस फळ्या आहेत. चारीच्या तोंडाशी दगडी खाचेत बसवलेली जाड लाकडी फळी वर ओढली की पाणी शेतात सुटते आणि खाली दाबली की थांबते. या एकोणीस फळ्या सन १९५१ पासून पीरमहंमद चाँद अत्तार या एकाच पाटकऱ्याच्या हातात होत्या. कोणत्या गटाची पाळी कोणत्या वारी, किती वाजता लागते आणि किती वाजता संपते, हे त्यांना तोंडपाठ होते. खाकी सदऱ्याच्या खिशात दोरीला बांधलेले घड्याळ असे आणि ते दर सोमवारी देवळाली प्रवऱ्याच्या टपाल कचेरीतील घड्याळाशी जुळवून घेतले जाई.

त्यांचा सख्खा मेव्हणा इब्राहिम याची पाळी एकदा नेमकी त्याच्या घरच्या लग्नाच्या दिवशी आली. पीरमहंमद पंगतीत बसले होते. पाळी संपत आल्याचे घड्याळात पाहून ते अर्ध्या जेवणावरून उठले, हात धुतले, चारीवर जाऊन मेव्हण्याची फळी दाबली आणि परत येऊन राहिलेले जेवण संपवले. इब्राहिम पुढे सहा महिने त्यांच्याशी बोलला नाही. गावाने मात्र तेव्हापासून पाण्याच्या बाबतीत पीरूभाऊंच्या शब्दावर शंका घेणे सोडून दिले.

अशा माणसाला कविता करण्याची सवय असेल असे कोणालाही वाटले नसते. कालव्याच्या भरावावरून रोज आठ मैल चालताना ओळी सुचत, त्या ते चालीवर घोळवत आणि घरी येऊन वहीत उतरवत. ती चाल त्यांची स्वतःची नव्हती. त्यांची पत्नी सरवरी पहाटे जात्यावर बसे. शेजारच्या साळूबाई आपले दळण घेऊन तिच्याकडे येत, आणि एकाच खुंट्याला हात लावून दोघी आळीपाळीने ओव्या म्हणत. वीस वर्षे पीरमहंमद त्या आवाजाने जागे झाले होते. त्यामुळे त्यांना जे काही सुचे ते ओवीच्याच वळणाने सुचे.

सन १९७१च्या जानेवारीत चार दिवसांच्या तापाने सरवरी गेली. दफनविधीची तयारी चालली होती. एकुलती एक मुलगी रजिया कोपरगावहून सासरच्यांबरोबर आली होती, ती हंबरडा फोडू लागली तेव्हा वडील तिला म्हणाले, "रडू नकोस. मय्यतीसमोर आवाज चढवू नये." तिसऱ्या दिवशी ते चारीवर हजर होते. त्यांच्या डोळ्याला पाणी आलेले कोणी पाहिले नाही. रजियाने ही गोष्ट मनात धरली. पुढे ती माहेरी आली की भाकऱ्या करी, घर झाडी, वडिलांना काय हवे-नको ते विचारी. पण आईचा विषय निघाला की उठून आत जाई.

सन १९७३च्या फेब्रुवारीत ती पहिल्या बाळंतपणासाठी आली. दुष्काळाचे ते वर्ष. धरणात पाणी थोडे, पाळ्या निम्म्यावर आणलेल्या, आणि रेशनवर लाल मिलो ही परदेशी ज्वारी मिळत असे. एका पहाटे पीरमहंमद नमाजासाठी उठले, तो घरात जात्याची घरघर ऐकू आली. रजिया मिलो दळत होती. ती काही म्हणत नव्हती, नुसती दळत होती. पण खुंटा फिरवताना मध्येच क्षणभर थांबण्याची तिची लकब हुबेहूब आईची होती. पीरमहंमद दार लोटून ओट्यावर येऊन बसले आणि दोन वर्षांत प्रथमच रडले. पाखरे बोलू लागेपर्यंत रडले. मग तोंड धुऊन, घड्याळ खिशात टाकून कामावर गेले. मुलीला त्यांनी काही सांगितले नाही. मात्र भरावावरून चालता चालता या ओळी तयार झाल्या :

दोन वरसं दाबली, माझ्या पाटाची मी फळी
मागं साचलं साचलं, झाली निळाई ती काळी

पाखरांच्या आधी आज, फळी काढली मी वर
एका घडीत वाहिली, सारी पाळी दारावर

ज्याचं त्याला नाही दिलं, आज दिलं माझं मला
ओल अंगणी शिरली, पाट मोकळाच झाला

गावात या वहीची माहिती फक्त शाळेचे रंगनाथ गुरुजी यांना होती. गुरुजी वाचनालयाचे चिटणीस होते आणि कवितेवर त्यांचा फार जीव होता. त्यांनी ओळी वाचल्या, चष्मा काढला आणि म्हणाले, "पीरमहंमद, ही मी नगरच्या साप्ताहिकाकडे पाठवतो. नाही म्हणू नका."

पीरमहंमद नाही म्हणाले नाहीत. बावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांचे नाव कोठेही छापून आले नव्हते.

कविता मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी छापून आली. पीरमहंमदांनी तो अंक वाचनालयाच्या बाकावर बसून वाचला, घडी घालून ठेवला आणि पुन्हा उघडून वाचला. पुढे जे घडले ते मात्र गावाच्या वाचनाच्या रीतीमुळे घडले. हरळवाडीत ते साप्ताहिक वीस वर्षे येत होते आणि वीस वर्षे त्याचे एकच पान वाचले जाई. ज्या पानावर पाटबंधारे खात्याच्या नोटिसा असत ते. पाळ्यांच्या तारखा, पाणीपट्टीचे दर, कोणावर कारवाई झाली ते. मारुतीच्या पारावर गोरक्षनाथ नावाचा तरुण शेतकरी ते पान मोठ्याने वाचून दाखवी आणि बाकीचे ऐकत. छापील अक्षर म्हणजे खात्याचे म्हणणे, अशी त्या पाराची पक्की समजूत झाली होती. त्या गुरुवारी पानावर वरच्या अंगाला 'पाळीव्यतिरिक्त पाणी घेणाऱ्यांवरील कारवाई' ही जाहीर नोटीस होती. तिच्या खाली उरलेल्या जागेत संपादकांनी कविता बसवली होती. चौकट नाही, मथळा नाही; आणि शेवटी गुरुजींनी हौसेने घातलेली पूर्ण सही : पीरमहंमद चाँद अत्तार, पाटकरी, मु. हरळवाडी.

गोरक्षनाथाने नोटीस वाचली आणि त्याच सुरात, दम न घेता, खालच्या ओळीही वाचून टाकल्या. शेवटचे नाव, हुद्दा आणि गावही त्याच सुरात वाचले.

"म्हंजी यानं कबूल केलं?" एक म्हातारा म्हणाला.

"कबूल म्हंजी? लिवून दिलं. दोन वरसं पानी दाबलं म्हनतो!"

"अन् 'ज्याचं त्याला नाही दिलं' हे बी हाय बरं का त्यात. परत वाच, गोरक्ष."

गोरक्षनाथाने परत वाचले. आता शंकेला जागा उरली नाही. याला आणखी एक कारण होते. त्या हंगामात चौथ्या चारीच्या शेवटच्या रानांना, ज्यांना सारे शेपटाची राने म्हणत, खरोखरच पाणी पुरत नव्हते. पाळी पूर्ण वेळ मिळे, पण धार बोटभर येई. पाणी जाते कोठे, हा प्रश्न महिनाभर पारावर पडून होता. त्याला आता उत्तर मिळाले होते, तेही छापील.

शेपटाच्या रानांपैकी दीड एकर साळूबाईंचे होते. त्या निरक्षर होत्या. त्यांना ओळी कोणी ऐकवल्याच नाहीत. 'पाटकऱ्यानं पानी खाल्लं, आपलं अंगान भिजवलं आन् पेपरात कबूल केलं' एवढे सांगितले. त्या तडक पीरमहंमदांच्या दाराशी आल्या.

"ए पाटकऱ्या, भाईर ये! माझ्या उसाचं चिपाड झालं रं! त्वा आपलं अंगान भिजवलंस व्हय?"

"साळूअक्का, आधी आत या. हे अंगण बघा. कोरडं ठणठणीत आहे."

"मग काय मी म्हैनाभरानं वल शोधू? सरवरीच्या घरात मी पीठ सांडलं तर भरून देत हुते. आन् त्याच घरातनं माझं पानी चोरलं!"

"अक्का, मी एक थेंब घेतला नाही."

"मग छापलं कशापायी?"

याचे उत्तर पीरमहंमदांच्या जिभेवर आले आणि तेथेच थांबले. आत रजिया दाराआड उभी होती. आपण ओट्यावर बसून रडलो, हे ज्या मुलीला आपण रडू दिले नाही तिच्या देखत कसे सांगायचे? साळूबाई गेल्या, आणि त्या गप्प राहण्याचाही अर्थ गावाने आपल्या परीने लावला.

शनिवारी अंगठे आणि सह्या घेऊन अर्ज शाखा कार्यालयात गेला. सोमवारी सकाळी दहा वाजता शाखाधिकारी कुलथे साहेब कालव्याच्या बंगल्यावर चौकशीला आले. कुलथे माणूस सरळ; फक्त कागदावर लिहिलेले एक तर खरे असते किंवा खोटे असते, याबाहेर त्यांचा कधी विचार गेला नव्हता. व्हरांड्यात टेबल मांडले, त्यावर अर्ज आणि साप्ताहिकाचा अंक ठेवला. शेपटाचे बारा-पंधरा शेतकरी खाली बसले. साळूबाई खांबाला टेकून बसल्या.

प्रथम रंगनाथ गुरुजी पुढे झाले. आपल्यामुळे हे झाले याची त्यांना लाज वाटत होती आणि कवितेचा अर्थ सांगण्याची संधी आली म्हणून किंचित उत्साहही वाटत होता.

"साहेब, ही अध्यात्मपर रचना आहे. फळी म्हणजे देह. पाणी म्हणजे आत्मा. पाखरे म्हणजे इंद्रिये. इंद्रिये जागी होण्याआधी देहाचा अडसर दूर झाला आणि आत्मा परमात्म्याच्या अंगणी..."

"आणि 'दोन वर्षे' म्हणजे?"

गुरुजींनी चष्मा सारखा केला. "द्वैत," ते म्हणाले.

खालून कोणीतरी बोलले, "गुर्जी, आत्म्यानं ऊस भिजतो का वो?" आणि सगळे हसले. पीरमहंमद हसले नाहीत. त्यांच्या ध्यानात आले की पारावरच्या लोकांनी जे केले तेच गुरुजींनी दुसऱ्या टोकाने केले होते. पारावर कोणी पाण्यापलीकडे पाहिले नाही. गुरुजी पाण्याकडे न पाहताच पलीकडे गेले. दोघांपैकी एकालाही ओट्यावर बसलेला माणूस दिसला नव्हता.

कुलथे साहेबांनी घसा साफ केला. "अत्तार, बावीस वर्षांची तुमची नोकरी आहे, एकही शेरा नाही. मला तुमचं वाईट करायचं नाही. एक सोपा मार्ग सांगतो. 'सदर मजकूर संपूर्ण खोटा आणि काल्पनिक आहे' असं लिहून सही करा. प्रकरण इथंच मिटेल. नाही केलीत, तर हा तुमचा जबाब धरावा लागेल, आणि तुम्हाला कामावरून बाजूला करण्याची शिफारस करावी लागेल."

त्यांनी कागद पुढे सरकवला. गुरुजींनी हळूच पीरमहंमदांचा दंड दाबला. "करा सही. एक ओळ तर आहे."

पीरमहंमदांनी टाक उचलला. तो कागदापासून वीतभर अंतरावर थांबला. फळ्या हातातून गेल्या तर या वयात दुसरे काम कोण देणार, हे त्यांना दिसत होते. घरात मुलीचे दिवस भरत आले होते. पण 'खोटा' हा शब्द त्यांच्याने लिहवेना. आयुष्यात जेवढे खरे त्यांनी लिहिले होते त्यात हे सर्वांत खरे होते.

"साहेब, पाणी मी घेतलं नाही. हे मी कुराणावर हात ठेवून सांगतो," ते म्हणाले. "पण यातलं एक अक्षर खोटं नाही. तसं मी लिहून देणार नाही."

"अहो, दोन्ही कसं होईल? घेतलं नाही तर हे खोटं. हे खरं तर घेतलं."

"ते मला समजावता येत नाही, साहेब."

"मग निदान वाचून दाखवा. तुमच्या तोंडून ऐकू द्या. अर्जदारांपैकी निम्म्यांनी ते ऐकलेलंही दिसत नाही."

पीरमहंमदांनी अंक उचलला नाही. ओळी पाठ होत्या. आणि त्यांना त्या गोरक्षनाथासारख्या वाचता येत नव्हत्या. एकाच रीतीने म्हणता येत होत्या, ज्या रीतीने त्या आल्या होत्या. त्यांनी खाली मान घालून, खालच्या आवाजात, जात्याच्या चालीवर म्हणायला सुरुवात केली. पहिल्या ओवीला लोक एकमेकांकडे पाहू लागले. दुसऱ्या ओवीला, 'फळी काढली मी वर' या ठिकाणी, त्यांचा आवाज चिरला. तरीही त्यांनी तिसरी पुरी केली.

खांबापाशी साळूबाई ताठ बसल्या होत्या.

"ही सरवरीची चाल हाय," त्या म्हणाल्या.

"काय म्हणता बाई?" कुलथे साहेबांनी विचारले.

"सरवरी म्हंजी ह्यांची घरधनीन. माझ्यासंगं वीस वरसं दळली. दुसऱ्या चरनाला अशीच खाली उतरायची." त्या उठून उभ्या राहिल्या आणि शेतकऱ्यांकडे वळल्या. "आरं मुडद्यांनो, ह्ये गानं हाय हे मला कुनीच कसं सांगितलं न्हाई? म्या म्हनलं जबाब दिला! सरवरीला जाऊन दोन वरसं झाली. दोन वरसं ह्या माणसाच्या डोळ्याला टिपूस न्हवता, आपुन समद्यांनी नावं ठिवली. काळजाचा दगड म्हनलो आपुन. त्यो रडलाय बायकूसाठी. येवढंच हाय त्यात. दुसरं काय पानी हाय व्हय?"

गोरक्षनाथ पुटपुटला, "पन पेपरात तर फळी लिवलंय, आत्ते."

"आन् तुजी आय जात्यावर काय म्हनायची? 'लेक सासरी निघाली, घर कनगीवानी रितं. उभ्या जोंधळ्याच्या रानी, माझं काळीज पाखरू नेतं.' मंग तिचं काळीज काय पाखरू घिऊन गेलं? तवा तुला कळायचं, डोळं पुसायचास. छापलं की अक्कल गहाण?"

व्हरांड्यात कोणी हसले नाही. कुलथे साहेबांनी अंक उचलून तिन्ही ओव्या पुन्हा वाचल्या, या खेपेस ओठ किंचित हलवत.

"अत्तार, ह्या बाई म्हणतात ते बरोबर आहे?"

पीरमहंमदांनी मान हलवली. एवढ्या लोकांसमोर ती हलवायला जितकी जड जाईल असे त्यांना वाटले होते तितकी जड गेली नाही.

"असं," कुलथे साहेब म्हणाले. त्यांनी 'खोटा' लिहिलेला कागद उलटा ठेवला. काय शेरा लिहावा हे त्यांना सुचेना, आणि हे त्यांनी मोकळेपणाने बोलूनही दाखवले. "पण मग बाई, तुमचं पाणी जातं कुठे?"

"ते मला काय ठावं? ह्यानं घेतलं न्हाई एवढं ठरलं न्हवं? मंग बगा की जाऊन! टेबलावर बसून घावनार हाय का?"

साहेब खरोखर उठले. सारेच उठले. दुपारी दोनपर्यंत कालव्याच्या कडेने वरच्या अंगाला चालत गेल्यावर, पीरमहंमदांच्या हद्दीच्या बरेच पलीकडे, एका वळणावर भरावाच्या पोटाशी घुशींनी पोखरलेली बिळे सापडली; कालव्याचे पाणी त्यांतून झिरपत होते आणि तूट शेवटच्या रानांना पडत होती. भरावाखाली मुरुमाची जुनी, वापरात नसलेली खाण होती. भर दुष्काळात तिच्या तळाशी हिरवागार लव्हाळा उभा होता आणि त्यात चार-पाच बगळे चरत होते. गोरक्षनाथ सर्वांत आधी खाली उतरला आणि ढेकळे वर फेकू लागला. त्याने पीरमहंमदांची माफी मागितली नाही. मात्र संध्याकाळपर्यंत भराव ठोकून झाला तरी तो त्यांच्या हाताखालून हलला नाही, आणि परतताना त्यांचे फावडे आपल्या खांद्यावर घेतले.

पीरमहंमद घरी आले तेव्हा साळूबाई तेथे आधीच येऊन सगळे सांगून गेल्या होत्या. रजिया चुलीपाशी बसली होती. तिने वर पाहिले नाही.

"अब्बा, कोणत्या दिवशी?"

"तू मिलो दळत होतीस त्या दिवशी."

"मी आत होते ना. हाक का नाही मारली?"

"तुला रडू दिलं नव्हतं. कोणत्या तोंडानं बोलावणार?"

तव्यावरची भाकरी करपू लागली होती. तिने ती उतरवली, पण दुसरी टाकली नाही. ती परातीतल्या पिठावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "दोन वर्षं मला वाटत होतं, या घरात अम्मा फक्त माझीच गेली." एवढे बोलून ती रडू लागली. या वेळी वडिलांनी तिला थांबवले नाही. ते तिच्याजवळ जमिनीवर बसले. त्या दिवशी बापलेकींनी प्रथमच सरवरीच्या गोष्टी काढल्या. ती वांग्याचे भरीत किती तिखट करी येथपासून सुरुवात झाली.

पुढची पाळी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आली. त्याआधी चार दिवस रजियाला मुलगी झाली होती. चौथ्या चारीची फळी पीरमहंमदांनी ठरल्या मिनिटाला वर ओढली आणि ते पाण्याबरोबर चालत शेपटापर्यंत गेले. धार चांगली हातभर होती. साळूबाई बांधावर उभ्या होत्या.

"पीरूभाऊ, आता माझ्या पान्यावर बी एक गानं करा की. पन त्यात पानीच ऱ्हाऊ द्या बाबा! परत चौकशी नगं."

"केलंय, अक्का. चालता चालता झालं. यात नुसतं पाणी आहे." त्यांनी म्हणून दाखवले :

किती दुरून चालत, पाणी शेपटाला आलं
उसापाशी टेकताना, नाव सांगायाचं ऱ्हालं

साळूबाईंनी दोन्ही चरण ओठांतल्या ओठांत घोळवले. पाणी सरीतून पुढे सरकत होते.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "हे पान्याचं न्हाई. ही तुमची नात हाय. नाव ठिवलं का तिचं?"

"नाही अजून. सातव्या दिवशी ठेवणार. पण अक्का, मी खरोखर पाणीच..."

वाक्य त्यांनी अर्धेच सोडले. मनात त्यांनी ओवी पुन्हा म्हटली, सावकाश. ती म्हणताना त्यांच्यासमोर उसाची सरी होती, आणि तिच्याआड, कापडात गुंडाळलेली, मूठ घट्ट मिटलेली, चार दिवसांची मुलगीही होती. ती तेथे कधी येऊन बसली हे त्यांनाही सांगता आले नसते.

"असेल," ते म्हणाले. "अक्का, तुम्ही म्हणता तर असेल."

"असंल काय? हायच! आन् नावाच्या दिवशी मला बलवा. पाळना मी म्हननार."

पीरमहंमदांनी घड्याळ काढले. पाळी संपायला अकरा मिनिटे होती. ती पुरी होईपर्यंत दोघेही बांधावर बसून पाणी जाताना पाहत राहिले.